आडनाव काय म्हणालात?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतून एक सायकल गेली. गिअरची, महागाची. संध्याकाळपर्यंत सीसीटीव्हीचा एक तुकडा ग्रुपवर आला. अर्ध्या मिनिटाचाही नसेल. विशीतला एक मुलगा पार्किंगमध्ये उभा आहे. पायात स्लिपर, खांद्याला मळकी सॅक. तो एकदा जिन्याकडे बघतो, एकदा गेटकडे, मग सायकलींच्या रांगेपाशी जाऊन खाली वाकतो. एवढंच. खाली धडाधड मजकूर येऊ लागला : 'टेहळणी करतोय', 'मागच्या बांधकामावरचाच असणार', 'वॉचमन झोपला होता का?' मीही तो तुकडा दोनदा पाहिला आणि मलाही टेहळणीच दिसली.

रात्री नऊला चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, 'अहो, तो माझा भाचा. साताऱ्याहून आलाय. मी खाली येते म्हणाले होते, मला उशीर झाला. त्याच्या हातातली किल्ली पडली ती उचलत होता.' सायकल मालकाच्याच मुलाने क्लासला नेली होती. पंक्चर झाली म्हणून तिथेच ठेवून तो रिक्षाने घरी आला आणि ओरडा बसेल म्हणून गप्प राहिला.

मी तो तुकडा तिसऱ्यांदा पाहिला. आता त्यात मावशीची वाट बघून कंटाळलेला एक मुलगा होता. चित्रात एका क्षणाचाही फरक पडला नव्हता.

पहिल्या दोन वेळा मला जे 'दिसलं' ते आलं कुठून? मानसशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ गेली कित्येक दशकं या प्रश्नाच्या मागे आहेत. त्यांच्या हाती जे लागलंय ते 'लोक वाईट असतात' यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आणि आपल्याला जास्त अडचणीत आणणारं आहे.

औषधाच्या दुकानातलं अक्षर

डॉक्टरांची चिठ्ठी आपल्याला वाचता येत नाही, औषधाच्या दुकानातल्या माणसाला येते. त्याची नजर काही आपल्यापेक्षा तीक्ष्ण नसते. डॉक्टर कोण, ते कसले, दिवस पावसाळ्याचे, चिठ्ठीवर आधी कुठली गोळी आहे, हे त्याला ठाऊक असतं. पुढचं औषध काय असू शकेल याची दोन-चार नावं त्याच्या डोक्यात तयार असतात. कागदावरचे फराटे त्यातल्या एकाशी जुळले की झालं. तो अक्षर कमी वाचतो आणि अंदाज जास्त.

माणसं 'वाचताना' आपणही हेच करतो. समोरच्याचं वय, कपडे, बोली, आडनाव, गाव एवढं कळलं की मन उरलेलं भरून काढतं. हे करावंच लागतं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचा शून्यापासून विचार करायचा म्हटलं तर मंडईतून भाजी आणायला दिवस मोडेल. शिवाय बहुतेक वेळा अंदाज बरोबरही येतो, जसं दुकानदार बहुतेक वेळा योग्यच गोळी देतो.

अडचण येते ती दोन औषधांची नावं सारखी असली की. घाईतल्या दुकानदाराला त्या वेळी 'मी अंदाज केला' असं वाटत नसतं. त्याला 'मी वाचलं' असंच वाटत असतं. अंदाज आणि वाचन यांतली शिवण आतून दिसत नाही, आणि या लेखात पुढे जे येणार आहे ते सगळं त्या शिवणीबद्दल आहे.

साचा, पूर्वग्रह, भेदभाव

एखाद्या गटातली माणसं 'अशीच असतात' अशी तयार समजूत म्हणजे साचा. इंग्रजीत तिला स्टिरिओटाइप म्हणतात, आणि तो शब्द मुळात छापखान्यातला. पूर्वी कंपोझिटर एकेक खिळा जुळवून पान बांधायचे. तेच पान पुन्हा पुन्हा छापायचं असलं की जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन त्यावरून धातूचा एकसंध पत्रा ओतला जाई. काम सोपं होई, पण त्या पत्र्यातलं एक अक्षरसुद्धा मग बदलता येत नसे. वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने १९२२ साली हा शब्द माणसांच्या डोक्यातल्या तयार चित्रांसाठी वापरला आणि तो रुळला.

साचा ही समजूत. तिच्यासोबत आवड-नावड आली की पूर्वग्रह. त्यावरून कुणाला घर नाकारलं, नोकरी नाकारली की भेदभाव. तिन्ही एकच नव्हेत. मनात कुणाबद्दल काडीचा राग नसलेला माणूसही साच्यातूनच बघत असतो.

काही साच्यांवर आपण हसतो. पुणेकर खडूस, कोल्हापूरकर रांगडा, कोकणातला माणूस तिरकस, वऱ्हाडी माणूस निवांत. (मी पुण्यातूनच लिहिते आहे, त्यामुळे प्रतिक्रिया दुपारी एक ते चार सोडून कळवाव्यात.) यात कुणाचं फारसं बिघडत नाही, कारण पुणेकराला खडूस म्हटल्याने त्याचं कर्ज नामंजूर होत नाही. पण 'आडनाव काय म्हणालात?' हा आपला अगदी साधा, ओळख वाढवण्यापुरता वाटणारा प्रश्न घ्या. उत्तर मिळाल्यावर अर्ध्या सेकंदात विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जागच्या जागी बसतं. ज्यांना ते सतत बघावं लागतं त्यांना त्याची ओळख असते.

तीच मुलगी, तीच उत्तरं

या विषयातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग १९८३ सालचा आहे. जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस या संशोधकांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात तो केला. विद्यार्थ्यांना चौथीतल्या हॅना नावाच्या मुलीची चित्रफीत दाखवली. काहींना ती गरीब, पडक्या वस्तीत खेळताना दिसली आणि तिचे आईवडील कमी शिकलेले, कष्टाची कामं करणारे आहेत असं सांगितलं. काहींना तीच मुलगी झाडांच्या सावलीतल्या, ऐसपैस उपनगरात दिसली, आईवडील उच्चशिक्षित. मग विचारलं, ही मुलगी अभ्यासात कितव्या इयत्तेच्या पातळीवर असेल?

केवळ वस्ती पाहिलेल्यांनी सावध उत्तर दिलं. दोन्ही गटांनी साधारण तिच्या इयत्तेच्या आसपासचा आकडा सांगितला. नुसत्या घरादारावरून पोरीची हुशारी ठरवायची नसते एवढं भान त्यांना होतं. इथवर सगळे सभ्य.

आणखी काहींना मात्र वस्तीनंतर हॅना तोंडी परीक्षा देतानाची फीतही दाखवली. ही दुसरी फीत सगळ्यांना एकच. तीत तिने काही अवघड प्रश्न पटकन सोडवले, काही सोपे चुकवले, मध्येच लक्ष भरकटलं. म्हणजे पुरावा मुद्दाम धूसर ठेवलेला. आता उत्तरं फाकली. सधन वस्ती पाहिलेल्यांना ती इयत्तेच्या पुढे वाटली, गरीब वस्ती पाहिलेल्यांना मागे. तिची किती उत्तरं बरोबर आली, परीक्षा किती अवघड होती, याच्या आठवणीसुद्धा दोन्हीकडे वेगळ्या निघाल्या.

एरवी आपण म्हणतो, माहिती द्या, म्हणजे गैरसमज दूर होतील. इथे माहिती दिल्यावर मतं लांब गेली. ज्यांच्याकडे नुसता साचा होता ते कचरत होते. साचा आणि वर 'पुरावा' असं दोन्ही मिळालं तेव्हा आत्मविश्वास आला. साच्याने त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली नव्हती. त्याने त्यांना कुठे बघायचं ते सांगितलं होतं. एकाने अवघड प्रश्नांची उत्तरं टिपली, दुसऱ्याने खिडकीबाहेरची नजर. दोघांनीही खरंच घडलेलंच पाहिलं.

आमच्या ग्रुपवर झालं ते हेच. 'बांधकामावरचा' ही समजूत आधीपासून होती, पण तिच्या जोरावर कुणी कुणावर बोट ठेवलं नसतं. सीसीटीव्ही आलं आणि सगळ्यांना पुरावा मिळाला.

'तो अपवाद आहे हो'

मग साच्याला न जुमानणारा माणूस समोर आला तर साचा मोडत नाही का? क्वचित. आपल्याकडे त्यासाठी एक सोय आहे, 'अपवाद' नावाची. 'तू त्यांच्यातला वाटतच नाहीस' हे वाक्य कौतुक म्हणून बोललं जातं. बोलणाऱ्याला आपण उदार झालो असं वाटतं, ऐकणाऱ्याला कळतं की त्याला एकट्याला आत घेऊन दार पुन्हा लावलंय.

शिवाय एकच कृती दोन माणसांच्या खात्यावर दोन नावांनी जमा होते. साहेब ठामपणे बोलले की कणखर, बाई तशाच बोलल्या की तिखट. शहरी मुलगा वर्गात गप्प बसला तर विचारी, खेड्यातला बसला तर बुजरा.

मराठी माणसाने हे स्वतःच्या बाबतीतही करून ठेवलंय. 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' हे आपणच इतकं घोकलंय की यशस्वी मराठी उद्योजक दिसला की 'अपवाद' आणि बुडालेला दिसला की 'बघा, म्हटलं नव्हतं?' लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, तरी ते उदाहरण अजून अपवादाच्याच रकान्यात पडून आहे.

आडनावाची किंमत

हे सगळं प्रयोगशाळेतलं, आणि तेही अमेरिकेतलं, असं म्हणून कुणी सुटू बघेल. तर आपल्याकडचं पाहू. अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना टपालाने अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा. फरक फक्त नावात : एक सवर्ण हिंदू वाटणारं, एक दलित वाटणारं, एक मुस्लीम. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष आले. मुलाखतीला किंवा लेखी परीक्षेला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लीम नावाला साधारण एक तृतीयांश भरली. कोणीही कोणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. फक्त पत्र आलं नाही.

त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांत माणसं निवडणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं होतं. सगळे एकमुखाने सांगत होते की आम्ही गुणवत्ताच बघतो. आणि जवळपास सगळेच उमेदवाराला त्याची 'घरची पार्श्वभूमी' विचारत होते, ते त्यांना गुणवत्तेचाच भाग वाटत होतं. हॅनाची पहिली फीत आठवा.

शाळेचं उदाहरण मात्र सरळसोट नाही, म्हणूनच सांगते. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात मुलांची एक बक्षीस-परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिका शिक्षकांकडे तपासायला दिल्या. मुखपृष्ठावरची जात मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कुठल्याही मुलाला कुठलीही, लिहिलेली. जिच्यावर 'खालची' जात लिहिली होती ती उत्तरपत्रिका थोडे कमी गुण घेऊन गेली. फरक लहान होता. पण त्यात दोन गोष्टी चक्रावणाऱ्या निघाल्या. एक, फरक गठ्ठ्याच्या सुरुवातीच्या पेपरांत जास्त होता. अजून हात बसलेला नाही, किती गुण म्हणजे चांगले ते ठरलेलं नाही, अशा वेळी मनाने जातीचा आधार घेतला. दोन, हा फरक मुख्यतः 'खालच्या' मानलेल्या जातींतल्याच शिक्षकांच्या तपासणीत दिसला.

दुसरी गोष्ट वाचून कुणी 'बघा, त्यांचं त्यांनाच' म्हणेल, तर त्याने मुद्दा चुकवला. साचा एका गटाच्या मालकीचा नसतो. तो हवेत असतो, आणि ज्याला तो सर्वांत जास्त बोचतो तोही त्याच हवेत श्वास घेतो.

अंदाज स्वतःला खरा करून दाखवतो तेव्हा

इथपर्यंत बघणारा चुकत होता, बघितला जाणारा जिथल्या तिथे होता. पुढची पायरी अधिक वाईट आहे.

एखादी धडधाकट सहकारी बँक बुडणार अशी आवई उठली की काय होतं? सकाळी सहापासून दारात रांग. ज्याला आवई खोटी वाटते तोही रांगेत, कारण बाकीचे रांगेत आहेत. चार दिवसांत बँक खरंच अडचणीत, आणि आवई उठवणारा म्हणतो, मी सांगत होतो! रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ साली बँकेचंच उदाहरण घेऊन या चक्राला नाव दिलं, त्याचा मराठीत अर्थ होतो स्वतःला खरं करणारं भाकीत.

माणसांच्या बाबतीत ते कसं चालतं? १९७७ साली मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी तरुण-तरुणींना फोनवर बोलायला लावलं. मुलांच्या हाती एक फोटो दिला, काहींना देखण्या मुलीचा, काहींना साध्या चेहऱ्याचा. फोटो दुसऱ्याच कुणाचे, आणि पलीकडच्या मुलींना त्यांचा पत्ताच नाही. नंतर तिऱ्हाइतांना फक्त मुलींचा आवाज ऐकवला. ज्या मुली 'देखण्या' समजून त्यांच्याशी बोललं गेलं होतं, त्या तिऱ्हाइतांना खरोखरच जास्त मोकळ्या आणि मनमिळाऊ वाटल्या. मुलांचं बोलणं ऊबदार होतं, म्हणून त्यांचंही झालं. प्रत्येक मुलाला वाटलं असेल, 'होतीच ती तशी.'

शाळेतला याहून प्रसिद्ध प्रयोग रॉबर्ट रोझेनथाल आणि लेनोर जेकबसन यांचा, १९६८ साली छापून आलेला. शिक्षकांना सांगितलं की अमुक मुलं यंदा एकदम चमकणार. नावं खरं तर अशीच उचललेली. वर्षअखेर बुद्धिमापन चाचणीत त्या मुलांनी जास्त मजल मारली. भाषणांमध्ये हा किस्सा नेहमी इथेच संपतो. प्रत्यक्षात ठळक फरक पहिली-दुसरीतच दिसला होता, मोजमापावर तेव्हाच कडक टीका झाली, आणि पुढच्या अभ्यासांतून निघालेला निष्कर्ष असा की शिक्षकांच्या अपेक्षांचा परिणाम खरा, पण बहुधा लहान. 'विश्वास ठेवा, मूल आइनस्टाइन होईल' असं काही त्यातून निघत नाही. पण चाळीस जणांच्या वर्गात कुणाच्या उत्तरासाठी बाई तीन सेकंद जास्त थांबतात, कुणाला 'बरं, बस' म्हणतात, हे दहा वर्षं रोज घडतं.

आणि कधी कधी समोरून कुणी काही करावंही लागत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, सुटेल त्या कोड्याला पैसे. निम्मी मुलं 'वरच्या' जातींतली, निम्मी 'खालच्या'. जातीचा उच्चार नव्हता तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखे. मग दुसऱ्या काही गटांत सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. 'खालच्या' जातींतल्या मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. कोडी तीच, डोकं तेच. बदललं एवढंच की आपल्याला कोण म्हणून बघितलं जातंय हे मुलांना आठवण करून दिलं गेलं. मला हा प्रयोग वाचताना माझ्या शाळेतली वार्षिक यादी आठवते. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलांना नावानिशी, प्रवर्ग वाचून उभं करायचे. कुणाचा हेतू वाईट नव्हता.

कायद्याने मारलेला शिक्का

साचा डोक्यात असतो तेव्हा त्याला निदान नाकारता येतं. तो सरकारी कागदावर चढला तर काय होतं, याची महाराष्ट्राला परकी उदाहरणं शोधायची गरज नाही.

ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमाती यादीत गेल्या. त्या घरात जन्मलेलं मूल कायद्याच्या नजरेत जन्मतःच संशयित. पोलिसांकडे नोंद, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायला परवाना. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं, त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला, म्हणून त्या जमाती 'विमुक्त' आणि तो दिवस विमुक्त दिन.

कायदा गेला, चक्र फिरतच राहिलं. गावात चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालांकडे. जिथे झडती जास्त तिथे अटका जास्त. अटका जास्त म्हणून पोलीस ठाण्याच्या वहीत नावं जास्त. वही दाखवून म्हणायचं, आकडे बघा, आम्ही उगाच म्हणतो का? ज्या आळीत कधी झडतीच होत नाही तिची वही कोरी, आणि कोरी वही म्हणजे सज्जनपणाचा दाखला. दरम्यान त्या पोराला शेतावर कामाला कुणी ठेवत नाही, शाळेत शेजारी कुणी बसत नाही. त्यातून एखादा खरंच चोरीकडे वळला तर भाकीत पूर्ण.

आणि हे सगळं आजोबांच्या काळातलं नाही. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला. तुरुंगातली कामं जातीवरून वाटून देणाऱ्या काही राज्यांच्या नियमावल्यांतल्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांच्या पंक्तीला बसवणारी भाषाही त्याच निकालात न्यायालयासमोर होती. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं झाली होती, साचा नियमावलीच्या पानांत शाबूत होता.

पण साच्यात काही तथ्य असतंच ना?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ली जुसिम यांच्यासारखे संशोधक वर्षानुवर्षं दाखवत आलेत की गटांबद्दलच्या लोकांच्या काही समजुती सरासरीच्या बऱ्यापैकी जवळ असतात. शिक्षकांच्या अपेक्षाही बहुतेक वेळा मुलांच्या आधीच्या कामगिरीवर आधारलेल्या असतात, म्हणून खऱ्या ठरतात. एवढंच नव्हे, समोरच्या व्यक्तीबद्दल स्पष्ट, ठोस माहिती हाती असली तर लोक साचा बराचसा बाजूला ठेवतात, असंही अभ्यास सांगतात.

मान्य. पण 'शितावरून भाताची परीक्षा' कधी लागू पडते? एका पातेल्यात, एका आचेवर, एकाच वेळी शिजलेल्या भाताला. माणसांचा गट म्हणजे एक पातेलं नव्हे. आणि साच्यात आपण उलटंच करतो, भाताबद्दल ऐकून शिताची परीक्षा घेतो. सरासरी खरी असली तरी समोर उभ्या असलेल्या एकाबद्दल ती फार थोडं सांगते.

दुसरं, आकडे 'खरे' आहेत हे उत्तर नसून प्रश्न आहे. पोलीस ठाण्याची वही खरीच असते. ती तशी का भरली हे विचारायचं असतं.

तिसरं, स्पष्ट माहिती समोर असली की साचा मागे हटतो हे खरं, पण आयुष्यातले महत्त्वाचे निर्णय स्पष्ट माहितीवर होतात कधी? वीस मिनिटांची मुलाखत, भाडेकरूशी दाराबाहेरचं बोलणं, रात्रीच्या कॅमेऱ्यातलं अंधूक चित्र. सगळी डॉक्टरांची अक्षरंच.

आणि रात्री एकटीने रिक्षात बसताना?

हे मला विद्यार्थिनी विचारतात, आणि त्यांना मी अंदाज बांधू नका असं कधीच सांगणार नाही. रात्री अकराला रिक्षावाल्याची नजर, बोलणं आवडलं नाही तर ती रिक्षा सोडावी. चूक झाली तर त्याचं एक भाडं जाईल.

फरक आहे तो अंदाज कशासाठी वापरतो यात. स्वतःचं पाऊल कुठे टाकायचं यासाठी अंदाज वापरणं वेगळं, आणि दुसऱ्याचा निवाडा करायला वापरणं वेगळं. ग्रुपवर त्या मुलाचं चित्र टाकून 'हाच तो' म्हणणं हा निवाडा होता. काकू रात्री झोपून गेल्या असत्या तर सकाळी तो मुलगा दूध आणायला खाली उतरला असता.

मग फरक कशाने पडतो?

'पूर्वग्रह सोडा' असं सांगून फारसा पडत नाही. ज्या गोष्टी आपण आतून बघूच शकत नाही त्या सोडणार कशा? जास्त उपयोग होतो तो व्यवस्था बदलण्याचा. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांकही झाकलेला असतो. परीक्षकाचं मन शुद्ध आहे की नाही हा प्रश्नच बोर्डाने बाद करून टाकलाय. मुलाखतीतही सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि कशाला किती गुण हे उमेदवार आत येण्याआधी लिहून ठेवलेलं, एवढं केलं तरी 'आपल्यातला वाटला' याला जागा कमी राहते.

दुसरा मार्ग वेळखाऊ आहे. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात लॉरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आदींनी गावकऱ्यांना पंचायत-प्रमुखाचं एक भाषण ऐकवलं. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या, शब्द तेच. जिथे कधी बाई प्रमुख झालीच नव्हती तिथल्या पुरुषांना बाईच्या आवाजातलं भाषण कमी प्रभावी वाटलं. जिथे आरक्षणामुळे बाईचा कारभार पाहिला होता तिथे ही तफावत जवळपास उरली नव्हती. दोन फेऱ्या आरक्षण मिळालेल्या गावांत पुढे बायका खुल्या जागांवरही जास्त निवडून येऊ लागल्या. आपल्याकडे २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. 'सरपंचपती' या शब्दावर आपण विनोद करतो, पण खुर्चीत बाई दिसणं हेही हळूहळू काम करत असतं. मात्र याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की बाईच्या कामाबद्दलचं मत सुधारलं तरी 'पुढारी पुरुषच बरा' ही पुरुषांची आवड तशीच राहिली. समजूत बदलली, ओढ नाही.

नुसतं एकत्र आणूनही भागत नाही. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात १२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. काही संघ मिश्र जातींचे, काही एकाच जातीचे. मिश्र संघात खेळलेल्यांची जातीबाहेर मैत्री वाढली. दुसऱ्या जातीच्या खेळाडूंशी केवळ प्रतिस्पर्धी म्हणून सामना झाला तिथे उलटाच कल दिसला.

मी स्वतः कॉलेजात शिकवते. अंतर्गत परीक्षेच्या पेपरांवर नावं असतात, बोर्डासारखी सोय नाही. हॅना-लिंडेन यांचा अभ्यास वाचल्यापासून मी नावाचा कोपरा दुमडून स्टेपल करते आणि पहिल्या दहा पेपरांचे गुण पेन्सिलने लिहिते. गठ्ठा संपला की ते दहा पुन्हा काढते. अक्षरावरून काही जण ओळखू येतातच, त्याला इलाज नाही. मागच्या सत्रात दहांपैकी तिघांचे गुण बदलावे लागले. दोघांचे वाढले, एकाचा कमी झाला.